आबांचा वेगळा पेला

गेल्या रविवारी फोनवर छकुलीनं मला विचारलं, "आजी, आबा माझ्यावर रागावले होते का?" आधी तिनं ते इंग्रजीत विचारलं. मी लगेच बोलले नाही, म्हणून आजीला समजलं नसावं असं वाटून बिचारीनं पुन्हा मराठीत विचारलं. मी "नाही गं" म्हटलं. पुढचं बोलणार, तेवढ्यात तिची पोहायला जायची वेळ झाली आणि पडद्यावर तिच्या खोलीचं छत दिसायला लागलं.

मी उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं. उत्तर पूर्ण वाक्यात लिहा, हे मुलींना सांगून सांगून माझा घसा बसायचा. आता माझ्याच नातीला दोन शब्दांत वाटेला लावणं मला बरं वाटेना. म्हणून हे लिहायला बसले आहे. दादा, तुझं मराठी वाचन तुझ्या बहिणीपेक्षा बरं आहे. तू तिला वाचून दाखव. आबांचं बोलणं मी ते बोलायचे तसंच लिहिलं आहे. ते तुमच्या शनिवारच्या वर्गातल्या मराठीसारखं नाही, पण मोठ्यानं वाचलंस तर कानाला ओळखू येईल.

आधी घासाची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं.

दादा, तुला पहिल्यांदा बालाघाटला आणलं तेव्हा तुझे दात नुकते यायला लागले होते. तुझ्या आईनं येताना डब्यातलं बाळाचं खाणं, मऊ चमचे, झाकणाच्या वाट्या असं सगळं आणलं होतं, आणि मी ते स्वयंपाकघरात एका कप्प्यात ओळीनं लावून ठेवलं होतं. दुपारी आबा जेवायला बसले तसा तू रांगत त्यांच्या ताटापाशी गेलास. त्यांनी तुला मांडीवर घेतलं, वरणभाताचा घास आपल्या तोंडात घातला, चावून चावून अगदी मऊ केला आणि बोटानं तुझ्या तोंडात ठेवला. तू मिटक्या मारत खाल्लास. तुझी आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"अहो, चमचा आहे ना," मी म्हटलं.

"चमच्यानं का पोट भरते?" आबा म्हणाले. "माय मले भाकर चावून देत होती. पाहा, कसा दणकट झालो."

"तेव्हा घरात मिक्सर नव्हता."

"बरं झालं नव्हता, मास्तरीणबाई. आता हे पोट्टं आ करून राह्यलं, तं तुमचा मिक्सर शोधाले जाऊ का?"

तुझी आई हसली. ती हसली म्हणून मीही पुढे काही बोलले नाही. त्या मुक्कामात तू रोज दुपारी त्यांच्याच तोंडचा घास खाल्लास. पुढे मोठा झालास तेव्हा दर भेटीत तुम्ही दोघं एका ताटात जेवायचात. छकुली आली तेव्हा चावून देणं राहिलं, पण तिच्या हातातलं बिस्किट अर्धं आबांचं असायचं, आणि आबांच्या पेल्यातलं पाणी अर्धं तिचं.

आबांच्या आईला मी पाहिलेलं नाही. मी या घरात यायच्या आधीच ती गेली. ती उकव्याच्या मँगनीजच्या खाणीवर दगड निवडायला जायची. फोडलेल्या ढिगातून काळा, जड दगड वेगळा काढायचा आणि टोपलीत भरायचा, हे दिवसभराचं काम. आबा तान्हे असताना ती त्यांना झाडाखाली गोधडीवर ठेवायची आणि राखायला त्यांची थोरली बहीण असायची. हीच आपली उकव्याची आत्या. दुपारची सुट्टी झाली की आई यायची. पाणी जेमतेम असायचं, ते प्यायलाच पुरायचं. हात काळे असायचे. म्हणून ती भाकरीचा तुकडा दातांनी तोडायची, चावायची आणि तोंडानंच मुलाच्या तोंडात द्यायची. हातापेक्षा तोंड स्वच्छ, असा तिचा हिशेब असणार. दुसरा कुठला हिशेब तिच्याजवळ असणार होता? पुढे तिच्या पोटात दुखायला लागलं, अन्न टिकेना, आणि एका उन्हाळ्यात ती गेली. पोटात गोळा झाला होता, एवढंच घरात सगळे सांगायचे.

आता पेल्याची गोष्ट. ही आबांनी मला एकदाच सांगितली.

आमचं नवीन लग्न होतं. आबा सिंचाई विभागात ओव्हरसियर म्हणून लागले होते आणि आम्ही गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. भांडी घासायला एक बाई यायची. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "तिचा चहाचा कप वेगळा ठेव हो. इथं सगळे तसंच करतात." आबा आत दाढी करत होते. ते तोंडाला साबण तसाच घेऊन बाहेर आले. काकू गेल्यावर म्हणाले, "अवं, ऐकतं का. या घरात वेगळा गिलास राहणार नाही. कोणाचाच नाही."

मग खाली बसून त्यांनी सांगितलं. बैहरच्या रस्त्यावर एक चहाची टपरी होती. तिच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात एक पितळी पेला पालथा घातलेला असायचा. तो त्यांच्या वस्तीतल्या लोकांचा. शाळेत जाता-येता आबांनी त्या पेल्यात चहा घेतला आहे, आणि पिऊन झाल्यावर तो स्वतः धुऊन परत कोनाड्यात पालथा घातला आहे. "चहा तोच होता," ते म्हणाले, "मास्तरले देत होता तोच. पण गिलास हातात आला का चहा कडू लागे."

म्हणून आपल्या घरात पेले सगळे सारखे. आमच्या लग्नात मिळालेल्या पेल्यांवर अमक्याकडून, तमक्याकडून असं देणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. पण हा याचा आणि तो त्याचा, असं कधी नव्हतं. भांडी घासणारी बाई, नळवाला, विहारातून आलेले भंतेजी, तुझे बाबा आणि त्यांचे मित्र, सगळ्यांना हाताला येईल तो पेला. मला घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली लागते, हे तुम्हांला माहीत आहे. त्यावरून तुम्ही मला चिडवताही. पण पेल्यांच्या बाबतीत मी आबांचा नियम मोडला नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी आबांच्या पोटात जळजळ सुरू झाली. ते सोडा घालून पाणी प्यायचे, ढेकर द्यायचे आणि "झालं" म्हणायचे. पँटचा पट्टा एकेक भोक आत जायला लागला तेव्हा मी त्यांना गोंदियाला घेऊन गेले. तिथल्या पोटाच्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी घशातून दुर्बीण घालून पाहिलं. पोटात व्रण होता आणि व्रणापाशी जंतू होते. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पोटाचं चित्र काढून समजावलं. हा जंतू पोटाच्या आंबटातही जगतो. आपल्या देशात पुष्कळांच्या पोटात तो असतो, बहुतेकांना त्रास होत नाही, काहींना होतो. तपासायला घेतलेल्या तुकड्यात दुसरं वाईट काही नव्हतं. त्यांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी आबांच्या तोंडाची चव गेली, सगळं लोखंडासारखं लागायचं, पण जळजळ थांबली. पुन्हा तपासायला बोलावलं होतं, तेव्हा आबा म्हणाले, "दुखतच नाही, तं दाखवू का?" आणि आम्ही गेलो नाही.

वर्ष व्हायच्या आत जळजळ परत आली.

या वेळी डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "अंकल, मुँह खोलिए."

"मुँह में कुछ नहीं है, मॅडम. तकलीफ पेट में है."

"पेट में जो जाता है, वहीं से तो जाता है. खोलिए."

आबांनी तोंड उघडलं. कॅनॉलच्या कामावर असताना त्यांना गुडाखूची सवय लागली होती. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा आपल्या भागात पुष्कळ लोक सकाळी दातांना घासतात. माझ्या कटकटीमुळे त्यांनी तो बराच कमी केला होता, सोडला मात्र नव्हता. हिरड्या दातांपासून सुटल्या होत्या, जरा बोट लागलं की रक्त यायचं. दातांच्या मुळांशी पिवळं, दगडासारखं कीट चढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च बंद केला आणि सांगितलं की, पोटातला हा जंतू कधी कधी तोंडातही सापडतो, दातांवरच्या त्या थरात. तिथं गोळ्यांचा असर नीट पोचत नाही. म्हणून पोट साफ झालं तरी तो तोंडातून पुन्हा खाली उतरत असावा, असं काही डॉक्टरांना वाटतं. काहींना ते पटत नाही. त्यांच्या मते तो तोंडात राहत नाही, नुसता येतो-जातो. "अजून पक्कं ठरलेलं नाही," त्या मराठीत म्हणाल्या. "तुमचा जंतू मागच्या वेळी पूर्ण गेलाच नसेल, असंही असू शकतं. पण हिरड्या ठीक करून घ्या. त्यात नुकसान काहीच नाही. आणि तो गुडाखू आजपासून बंद."

मी हे सगळं ऐकलं, आणि मला त्यातलं 'ठरलेलं नाही' हे ऐकू आलं. आबांना फक्त आधीचं ऐकू आलं.

"म्हंजे हे तोंडातून तोंडात जाते?" त्यांनी विचारलं.

"लहानपणी बहुतेक तसंच होतं. घरातल्या घरात. आईकडून मुलांना जास्त."

"आईनं भाकर चावून देल्ली असन तं?"

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "होऊ शकतं, अंकल," त्या म्हणाल्या. "पण पाण्यातूनही होऊ शकतं. आता इतक्या वर्षांनी कोण सांगणार?"

गोंदियाहून परत येताना गाडीत आबा खिडकीशी बसले होते. नदीचा पूल गेला, तरी ते बोलले नाहीत. पूल आला की कुठल्या साली पाणी कुठवर चढलं होतं हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. बालाघाट जवळ आलं तेव्हा म्हणाले, "मायच्या पोटातही हेच असन."

"असेलही. आपल्याला काय ठाऊक?"

"तिनं आपल्या तोंडचं काढून मले देलं. तिच्यापाशी दुसरं देण्यासारखं का होतं?" मग म्हणाले, "अन् म्या पोट्ट्याले देलं."

पोट्ट्याला म्हणजे तुला, दादा.

तेव्हापासून त्यांच्या मनात दुसरं काही राहिलं नाही. डॉक्टरीणबाईंना फोन लावून मी विचारलं. मुलाला काही त्रास नसेल तर उगाच तपासण्या करू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तरी आबांनी तुझ्या बाबांना कळवायला लावलं, आणि दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तुझ्या पोटाचा असायचा. तू कंटाळून "आय ॲम फाइन, आबा" म्हणायचास. आता तुला कळलं असेल की ते दर वेळी का विचारत. माझी तपासणी झाली, तर माझ्याही पोटात जंतू निघाला. मला कसलाच त्रास नव्हता.

"पाहा," ते म्हणाले, "तुलेही म्याच देलं."

"आणि मी तुम्हांला दिला नसेल कशावरून? माझी आई काही विलायतेतून आली नव्हती. तीही भरवायचीच."

एरवी या वाक्यावर ते खो-खो हसले असते. या वेळी त्यांनी नुसती मान हलवली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आधी हिरड्यांचे उपचार होऊ द्या, मग पुन्हा गोळ्या सुरू करू. दातांच्या दवाखान्यात खेपा सुरू झाल्या. आणि त्याच सुमाराला तुमच्या बाबांचा फोन आला की डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही येताय.

तुम्ही यायच्या आदल्या आठवड्यात आबा सायकलवरून बाजारात गेले. परत आले तेव्हा पिशवीत आपल्या घरातलंच एक ताट, एक वाटी, एक चमचा आणि एक पेला होता. भांड्यांच्या दुकानातल्या माणसाकडून त्यांनी चारही वस्तूंवर 'आबा' असं कोरून आणलं होतं. अक्षर सुरेख होतं. ते सगळं त्यांनी ओट्यावर मांडलं आणि म्हणाले, "हे माह्यं. हे बाकीच्यात मिसळू नको. घासणंही वेगळं."

मी म्हटलं, "तुम्ही? तुमच्या घरात वेगळा पेला?"

"पोरं येऊन राह्यली."

"डॉक्टरांनी असं सांगितलेलं नाही. भांडी साबणानं घासली की झालं, एवढंच सांगितलं आहे."

"डॉक्टर मॅडमले नाही माहीत, माह्यं मन कसं हाय ते." मग आवाज उतरवून म्हणाले, "हा गिलास कोणी मले देल्ला नाही. म्याच घेतला. त्याच्यात न् ह्याच्यात फरक हाय."

फरक आहे, असं मला त्यांनी पटवायला पाहिलं. पण तो पेला त्यांनी खिडकीच्या कोनाड्यात पालथा घातला, तेव्हा आम्ही दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

पुढचं तुम्ही पाहिलं आहे. फक्त त्या वेळी का ते तुम्हांला माहीत नव्हतं. दादा, तू पहिल्याच दिवशी ताट घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसलास आणि ते "मले इकडे वारा पायजे" म्हणून व्हरांड्यात गेले. डिसेंबरात वारा कुणाला पाहिजे असतो? दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि तिसऱ्या दिवसापासून तू त्यांना बोलवायचं सोडलंस. तू फोनकडे बघत जेवायचास. ते व्हरांड्यातून तुझ्या पाठीकडे बघत जेवायचे. मी मधल्या दारातून दोघांना वाढत होते. दादाला सगळं सांगते, असं मी त्यांना म्हटलं, तर ते म्हणाले, "नको सांगू. भिऊन जाईन पोट्टं. त्याले वाटन का आबानं मले रोग देल्ला." त्यांचं म्हणणं मी मानलं.

छकुली, तुझे तेव्हा पुढचे दात पडले होते. तू परसातला पेरू तोडून एक घास घेतलास आणि पेरू आबांच्या तोंडापुढे धरलास. त्यांनी तोंड फिरवलं, पेरू हातात घेतला आणि म्हणाले, "मंग खातो." तू पाय आपटत आत गेलीस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. तू गेल्यावर ते हातपंपामागे जाऊन उभे राहिले आणि तो पेरू त्यांनी सगळा खाल्ला. तुझ्या दातांची खूण होती, मधे फट असलेली, त्या बाजूनं सुरुवात केली. हिरड्या दुखत होत्या, म्हणून फार हळू खाल्ला. त्यांना तुझं उष्टं चालत होतं. त्यांनी चावलेला पेरू तू परत मागशील, एवढीच भीती होती.

उकव्याची आत्या तुम्हांला पाहायला आली तो दिवस आठवतो का? ती दारातूनच ओरडली, "काहून रे बापू, नवरदेव झाला का? वेगळ्या पाटावर बसला तं!"

तुम्ही अंगणात खेळत होतात. आबांनी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. तिला जंतू वगैरे काही कळलं नाही, पण मायचं नाव आलं तसं तिचं तोंड उतरलं.

"मायच्या तोंडचं तं मीही खाल्लं," ती म्हणाली. "मले काहून नाही झालं?"

"सगळ्याइले नाही होत."

"मंग? माय मेली तिले किती वर्षं झाली, अन् आता तिले चोर ठरवतं?"

"म्या तिले काही म्हणलं का?"

"नाही म्हणलं. पण वाळीत टाकल्यासारखा कोपऱ्यात जाऊन बसला. अरे, त्या टपरीच्या गिलासातून पेताना तुह्या डोळ्यात पाणी येत होतं, ते म्या पदरानं पुसलं. भुलला का?" असं म्हणून तिनं 'आबा' कोरलेला तो पेला उचलला, त्यात उरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि पेला ओट्यावर बाकीच्या पेल्यांत नेऊन ठेवला.

आबा उठले. त्यांनी पेला शोधून काढला, तीन-तीनदा धुतला, परत कोनाड्यात पालथा घातला. आत्या बघत राहिली. मग ती माझ्याजवळ येऊन भाजी चिरायला बसली. डॉक्टरांच्या दृष्टीनं तिचं ते पाणी पिणं शहाणपणाचं नव्हतं. पण त्या दिवशी तिच्यासारखं करायचं बळ माझ्यात असतं, तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

त्याच संध्याकाळी छकुलीनं तो पेला पाहिला. तिनं बोट फिरवत अक्षरं लावली, आ, बा, आणि धावत आबांकडे गेली. "आबा, मला पण! माझ्या नावाचा ग्लास पाहिजे. माझा एकटीचा. कुणी त्यातून प्यायचं नाही."

आबांनी तो तिच्या हातातून हिसकावून घेतला. "नाही," ते मोठ्यानं म्हणाले. "तुह्या नावाचा वेगळा गिलास होणार नाही. या घरात कधीच होणार नाही. ठेव म्हणलं!"

आबांचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. ती रडत आईकडे गेली. ते उठून तिच्यामागे दोन पावलं गेले आणि दारातच थांबले. जवळ घ्यावं तर ती गालाला गाल लावेल, पापा घेईल, म्हणून गेले नाहीत. पाच-सहा दिवसांनी तुम्ही परत गेलात. स्टेशनवर त्यांनी तुम्हां दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, तोच शेवटचा.

छकुली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. आबा तुझ्यावर रागावले नव्हते. ते स्वतःच्या तोंडाला भ्याले होते. आणि त्यांनी लहानपणी जो पेला तोंडाला लावला तो तुझ्या वाट्याला गंमत म्हणूनसुद्धा येऊ नये, असं त्यांना वाटत होतं.

तुम्ही गेल्यावर हिरड्यांचे उपचार पुरे झाले. दोन दात काढावे लागले. गुडाखू सुटला. आम्ही दोघांनी बरोबर गोळ्या घेतल्या, रोज जेवणानंतर एकमेकांना आठवण करून देत. या वेळी पुन्हा तपासणीही करून घेतली आणि ती दोघांचीही स्वच्छ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अब आराम से बच्चों के साथ खाइए." गाडीत बसल्या बसल्या आबांनी तुझ्या बाबांना फोन लावला आणि पुढच्या सुट्टीची तिकिटं काढायला सांगितली. पुलावरून जाताना पाण्याची गोष्टही सांगितली. घरी आल्यावर म्हणाले, "पोट्टं आता उंच झालं असन. एका ताटात मावन का आम्ही दोघं?" बाजारातून ते सगळ्यांत मोठं परातीएवढं ताट घेऊन आले. ते अजून कोरं आहे.

वजन मात्र वाढलं नाही. भूक लागायची, दोन घासांत पोट भरायचं. पुन्हा दुर्बीण झाली, पुन्हा तुकडा घेतला, आणि या वेळी नागपूरला जायला सांगितलं. जंतू गेला होता, पण इतकी वर्षं तो तिथं राहिला होता, तंबाखूही होती. पोटाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. यातलं किती कशामुळे, हे मी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी खरं तेच सांगितलं, की हे नेमकं सांगता येत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुमच्या बाबांनी तुम्हांला 'कॅन्सर' एवढंच सांगितलं आणि ते बरोबरच केलं.

शेवटी शेवटी त्यांना भाताची पेज तेवढी जायची, तीही चमच्यानं. एकदा मी भरवत असताना म्हणाले, "चमच्यानं का पोट भरते?" आणि हसले. मग म्हणाले, "त्या पोरीले म्या रडवलं. तिले सांगजो."

"तुम्हीच सांगा. तिकिटं काढली आहेत त्यांनी."

"हौ," ते म्हणाले. "पण मी राह्यलो नाही तं तू सांगजो. अन् त्या गिलासावरचं नाव खोडून आण."

मी पेला घेऊन भांड्यांच्या दुकानात गेले. त्या माणसानं तो उजेडात धरून पाहिला. "खुदा हुआ नाम नहीं मिटता, माताजी. ऊपर से फूल-पत्ती बना दूँ?" मी नको म्हटलं आणि तसाच परत आणला. आबांनी तो हातात घेऊन अंगठ्यानं अक्षरं चाचपली. "राहू दे मंग," ते म्हणाले. "बाकीच्याइत टाकून दे."

मी तो कोनाड्यातून काढला आणि मांडणीवर इतर पेल्यांत ठेवला. तुमची तिकिटं ज्या तारखेची होती तोवर आबा राहिले नाहीत.

छकुली, मागे तू तुझ्या बाबांना म्हणालीस की आजीनं तो आबांचा ग्लास मला पाठवावा. मी पाठवणार नाही. तुझ्याकडे आला तर तू तो कपाटात ठेवशील, कुणाला हात लावू देणार नाहीस, आणि तो पुन्हा वेगळा होईल. तू इथे ये. कधी तुझ्या हाताला तो येईल, कधी दादाच्या, कधी दुसराच कुठला तरी. मोठं ताटही काढून ठेवलं आहे. त्यात तुम्ही दोघं जेवायला बसा.

परवा दुपारी विजेचं मीटर बघायला एक जण आला होता. उन्हातून आला होता, पाणी मागितलं. मी मांडणीवरून हाताला आला तो पेला भरून दिला. पिऊन झाल्यावर त्यानं पेला फिरवून पाहिला.

"अम्मा, ये आबा कौन हैं?"

"घर के हैं," मी म्हटलं. "और पानी दूँ?"

त्यानं पेला पुढे केला.